रुपयामागची ऊर्जा

मंदिरातील दानपेटीसमोर बसून प्रभू येशू लोकांचे दान पाहत असल्याचा प्रसंग मार्कलिखित शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आला आहे. श्रीमंत लोक पुष्कळ टाकत होते आणि एका गरीब विधवेने दोन टोल्या टाकल्या. प्रभूने तिचे दान सर्वांत मोठे ठरविले. त्याने नुसती रक्कम पाहिली नाही, त्या रकमेचे तिच्या मिळकतीशी असलेले प्रमाण पाहिले. गणिताच्या भाषेत सांगायचे तर तो गुणोत्तराचा हिशेब होता. वरवर अगदी रूक्ष वाटणाऱ्या एका आकड्याविषयी लिहावयास बसलो असता आम्हाला या प्रसंगाची आठवण झाली. तो आकडा म्हणजे देशाची 'ऊर्जा तीव्रता'.

व्याख्या सोपी आहे. देशाने वर्षभरात वापरलेली एकूण ऊर्जा, मग ती कोळशाची असो, तेलाची, वायूची, पाण्याची की अणूची, एका मापात आणावयाची आणि तिला देशाच्या सकल उत्पादनाने भागावयाचे. जे उत्तर येईल ते एका रुपयामागे खर्च झालेल्या ऊर्जेचे प्रमाण होय. भारताच्या बाबतीत २०११-१२ च्या स्थिर किमती धरल्या तर अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण रुपयामागे पाव मेगाज्यूलहून थोडे कमी भरते. मेगाज्यूल हा शब्द डोळ्यांपुढे काही उभे करीत नाही, म्हणून असे म्हणू या की, जुना साठ वॅटचा पिवळा दिवा तासभर जाळला म्हणजे जेवढी ऊर्जा लागते, साधारण तेवढी ऊर्जा खर्चून देश त्या किमतींतील एक रुपया मिळवितो. (तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा एलईडी दिवा साडेसहा तास जळेल, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, तिचा उपयोग पुढे होणार आहे.)

या आकड्याचा विचार सामान्य भाविकाने का करावा? कारण या जातीच्या आकड्यांवर देश जगाला वचने देत आहेत आणि ती वचने आपण पुष्कळदा चुकीची ऐकतो. २०१५ साली भारताने आंतरराष्ट्रीय पातळीवर असे जाहीर केले की, २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत सकल उत्पादनामागील उत्सर्जन ३३ ते ३५ टक्क्यांनी कमी करू. ऑगस्ट २०२२ मध्ये हे उद्दिष्ट ४५ टक्क्यांवर नेण्यात आले. भारत आपला धूर जवळजवळ निम्मा करणार, असा या बातमीचा अर्थ लावलेला आम्ही युवकांच्या मेळाव्यांतही ऐकला आहे. तसे ते वचन नाही. कमी व्हावयाचा आहे तो रुपयामागील धूर. एकूण धूर दरम्यान वाढूही शकतो आणि तो वाढलाही आहे. रुपयामागील उत्सर्जन हे रुपयामागील ऊर्जेचे सख्खे भावंड होय. एका रुपयासाठी किती ऊर्जा लागली आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक मापातून किती धूर निघाला, या दोहोंचा गुणाकार म्हणजे रुपयामागील उत्सर्जन. यात फसवणूक आहे असे आमचे म्हणणे नाही. जो देश अजून गरिबीतून वर येत आहे त्याने गुणोत्तराची भाषा वापरणे न्याय्यच आहे. तथापि, भागाकाराचे उत्तर ऐकताना वरचा आकडा कोणता आणि खालचा कोणता, हे विचारण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

समजा, एखाद्या गावात विजेच्या भट्टीवर चालणारी बेकरी आहे. रोज १०० युनिट वीज जाळून ती १०,००० रुपये मिळविते. म्हणजे शंभर रुपयांमागे एक युनिट झाले. मालकाने चांगली भट्टी आणली आणि तेवढेच पाव ७० युनिटांत भाजून निघू लागले. ही खरी बचत होय. पण वीज वाचली, पाव स्वस्तात पडू लागला, गिऱ्हाईक वाढले, तेव्हा त्याने दुप्पट पाव काढावयास सुरुवात केली. आता तो १४० युनिट जाळतो आणि २०,००० रुपये मिळवितो. त्याची तीव्रता तीस टक्क्यांनी घटली, विजेचे बिल मात्र चाळीस टक्क्यांनी वाढले. तिसरा प्रकार असा की, त्याने भट्टीला हातही लावला नाही. पावांऐवजी लग्नाचे महागडे केक करू लागला आणि त्याच १०० युनिटांवर २०,००० रुपये मिळवू लागला. या वेळी तीव्रता थेट निम्म्यावर आली आणि बचत मात्र काडीचीही झाली नाही.

आपल्या देशात गेल्या पाव शतकात हे तिन्ही प्रकार एकाच वेळी घडले आहेत. २००० नंतरच्या दोन दशकांत देशाची अर्थव्यवस्था तिपटीहून मोठी झाली आणि ऊर्जेचा वापर सुमारे दुप्पट झाला. म्हणजे गुणोत्तर घटले, बेरीज वाढली.

यातील खऱ्या बचतीचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांना दिलेच पाहिजे. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला आणि पुढच्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. फ्रीज व एसीवर दिसणारी ताऱ्यांची चिठ्ठी २००६ पासूनची. २०१२ साली सुरू झालेल्या 'पॅट' योजनेच्या पहिल्या फेरीत सिमेंट, पोलाद, खत, कागद, कापड, औष्णिक वीज अशा आठ उद्योगांतील ४७८ कारखान्यांना प्रत्येकी ऊर्जा कमी करण्याचे लक्ष्य देण्यात आले. ज्याने लक्ष्याहून अधिक बचत केली त्याने आपली जादा बचत प्रमाणपत्रांच्या रूपाने मागे पडलेल्याला विकावी, अशी ही रचना होती. तीन वर्षांत सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचविण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टनांइतकी वाचली. घरगुती पातळीवर 'उजाला' योजनेखाली २०१५ पासून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. २०१४ साली सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला. साठ वॅटच्या जागी नऊ वॅट, आणि उजेड जवळजवळ तेवढाच. शुभवर्तमानात पाच हजारांचे जेवण झाल्यावर काही वाया जाऊ नये म्हणून प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले होते. त्या बारा टोपल्यांच्या जवळ जाणारी ही बचत आहे, असे आम्ही मानतो.

पण उरलेली घट कशी झाली? बरीचशी बेकरीतल्या केकप्रमाणे. १९९१ नंतर देशाच्या उत्पन्नात सेवाक्षेत्राचा वाटा वाढत जाऊन निम्म्याच्या आसपास पोहोचला. पुण्यातील संगणक कंपनी एका युनिट विजेवर जेवढे रुपये मिळविते, तेवढे चंद्रपूरची सिमेंटची भट्टी कधीही मिळविणार नाही. सिमेंट मात्र लागतच राहते. कोणी बनवायचे एवढाच प्रश्न असतो.

हा प्रश्न देशांच्या सीमेवर अधिक तीव्र होतो. ३० सप्टेंबर २०२४ या एकाच दिवशी ब्रिटनमध्ये दोन गोष्टी घडल्या. रॅटक्लिफ येथील देशातले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले आणि वेल्समधील पोर्ट टॅलबॉट येथील टाटा पोलाद कारखान्याची शेवटची झोतभट्टीही थंडावली. पहिल्या बातमीचे जगभर स्वागत झाले. दुसरीमुळे हजारो कुटुंबांवर बेकारीची वेळ आली. पोर्ट टॅलबॉटला पुढे विजेवर चालणारी भट्टी उभी करण्याची योजना आहे, पण मधल्या काळात तेथील गिरण्यांत लाटावयाचे पोलाद बाहेरून येते. त्याच महिन्यात, दहा दिवस अगोदर, त्याच कंपनीने ओडिशातील कलिंगनगर येथे भारतातील सर्वांत मोठी झोतभट्टी पेटविली होती. एक भट्टी विझवून दुसरी पेटविली असा आरोप येथे करावयाचा नाही. भारताला स्वतःसाठीही पोलाद हवेच आहे. तरीही ब्रिटनच्या वहीत गुणोत्तर सुधारते आणि भारताच्या वहीत ते जड होते, तेव्हा कोणता देश किती उधळा, हे त्या आकड्यांवरून ठरविता येत नाही, एवढे मान्य करावे लागेल. उलट बाजूचे उदाहरण आइसलंडचे. जगातील सर्वाधिक ऊर्जा तीव्रतेच्या देशांत त्याची गणना होते, कारण तेथे ॲल्युमिनिअमच्या मोठ्या भट्ट्या आहेत. पण त्यांची वीज नद्यांतून आणि जमिनीच्या उष्णतेतून येते.

आखाती देशांत नोकरीसाठी गेलेले आपले अनेक बांधव सुट्टीत घरी आले की, तिकडची वीज किती मुबलक आणि स्वस्त, हे कौतुकाने सांगतात. समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प, अहोरात्र चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि तेलावर आधारलेले कारखाने यांमुळे त्या देशांची तीव्रता एरवीही जास्तच असते.

तुलना करताना आणखी एक खाचखळगा लागतो, तो चलनाचा. रुपयांचे डॉलर बाजारभावाने केले तर भारत फारच उधळा दिसतो. पण आपल्याकडे केस कापावयास जे पैसे पडतात आणि रोममध्ये जे पडतात त्यांत मोठा फरक आहे, काम मात्र तेच. तो फरक लक्षात घेऊन, म्हणजे क्रयशक्तीच्या आधारे हिशेब केला की, भारताची तीव्रता जगाच्या सरासरीच्या आसपास येते. तोच देश, तीच वर्षे, तीच ऊर्जा, आणि निकाल दोन.

आता आम्हाला ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. तलासरी, डहाणू, मोखाडा या भागांतील आदिवासी भगिनी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उतारावरून येताना आपण पाहिल्या आहेत. ती मोळी देशाच्या ऊर्जेच्या वहीत कोठे लिहिली जाते? याचे उत्तर वही कोणाची यावर अवलंबून आहे. काही हिशेब केवळ बाजारात विकली जाणारी इंधने धरतात. त्यांच्या लेखी ती मोळी अस्तित्वातच नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था लाकूड, काटक्या, शेणी हे सारे अंदाजाने धरते. त्या हिशेबाप्रमाणे १९९० च्या सुमारास भारताच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा या चुलीतल्या इंधनाचा होता. चूल मोठी खादाड असते. लाकडातील उष्णतेपैकी जेमतेम दहा-पंधरा टक्के भांड्याला लागते, बाकीची उष्णता आणि सगळा धूर स्वयंपाक करणारीच्या वाट्याला येतो. गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक उष्णता कामी लागते. त्यामुळे एखादे घर चुलीवरून गॅसवर गेले की, तोच भात कितीतरी कमी ऊर्जेत शिजतो, आणि लाकूड धरणाऱ्या वहीत देशाची तीव्रता घटते. लाकूड न धरणाऱ्या वहीत मात्र याच घटनेने तीव्रता वाढते, कारण पूर्वी तेथे शून्य होते आणि आता सिलिंडर आला. एका स्त्रीच्या डोळ्यांतला धूर गेला, ही एकच घटना एका वहीत प्रगती आणि दुसरीत अधोगती म्हणून नोंदली जाते!

भागाकाराच्या खालच्या आकड्यातही ती भगिनी नाही. तिने मोळी बाजारात विकली तर तेवढे पैसे देशाच्या उत्पन्नात मोजले जाण्याची शक्यता असते. तीच मोळी घरी आणून तिने मुलांसाठी भाकरी भाजली तर त्या श्रमाची नोंद सकल उत्पादनात होत नाही. वसईच्या वाड्यांत बैल जुंपून रहाटाने पाणी काढीत, तेव्हा बैलाची ऊर्जाही कोणी मोजली नव्हती. विजेचा पंप आला आणि हिशेब सुरू झाला.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'उज्ज्वला' योजनेतून दहा कोटींहून अधिक जोडण्या दिल्या गेल्या. ही फार मोठी गोष्ट आहे. पण या कुटुंबांचा वर्षाचा वापर सरासरी चार सिलिंडरांच्या आसपास राहिला आहे आणि तो इतर घरांपेक्षा बराच कमी आहे. दोन सिलिंडरांच्या मधल्या काळात चूल पुन्हा पेटते. २००१ च्या जनगणनेत ग्रामीण भारतातील निम्म्याहून कमी, ४३.५ टक्के घरांत विजेचा दिवा होता. तेथून देश जेथवर आला आहे तेथे येण्यासाठी ऊर्जा लागलीच, आणि ती लागावयासच हवी होती. आजही सरासरी भारतीय माणूस जगातील सरासरी माणसाच्या सुमारे एक तृतीयांश ऊर्जा वापरतो. सरासरी अमेरिकन माणूस त्याच्या सुमारे दहापट वापरतो. पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'लाउदाते देउम' या पत्राच्या शेवटाकडे नेमकी अशीच दरडोई तुलना केली आहे: अमेरिकेतील माणशी उत्सर्जन चीनमधील माणशी उत्सर्जनाच्या सुमारे दुप्पट आणि सर्वांत गरीब देशांच्या सरासरीच्या सुमारे सातपट असल्याचे त्यांनी दाखवून दिले. पोपमहाशयांनी तेथे रुपये-डॉलरमागील आकडा घेतला नाही, माणसामागील घेतला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. तरीही दरडोई सरासरीत मलबार हिलचा बंगला आणि मोखाड्याचे झोपडे यांची बेरीज होऊन भागाकार होतो, हे विसरून चालणार नाही.

गुणोत्तरालाच देव मानले तर काय घडते याचा धडा चीनने दिला आहे. २००६ ते २०१० या पंचवार्षिक योजनेत त्या देशाने ऊर्जा तीव्रता २० टक्क्यांनी कमी करण्याचे ठरविले आणि ते लक्ष्य प्रांताप्रांतांना वाटून दिले. हेतू उत्तम होता आणि जुने, धूर ओकणारे पुष्कळ कारखाने खरोखरच बंद झाले. पण शेवटचे वर्ष उजाडले तरी काही ठिकाणी आकडा जुळेना. तेव्हा सप्टेंबर २०१० मध्ये हपेई प्रांतातील आनपिंग तालुक्यात अधिकाऱ्यांनी वीजच तोडली, कारखान्यांची तोडली, घरांची तोडली, रुग्णालयाचीही सोडली नाही. टीका झाल्यावर हा प्रकार थांबविण्यात आला. चच्यांग प्रांतातील कारखानदारांनी वीज मिळेना म्हणून डिझेलची जनित्रे लावली आणि त्या हिवाळ्याच्या तोंडावर देशात डिझेलची टंचाई झाली. पाच वर्षांचा अधिकृत निकाल १९.१ टक्के घट असा जाहीर झाला. आकड्याच्या दृष्टीने योजना जवळजवळ सफल झाली, असेच म्हणावे लागेल.

ख्रिस्तसभेने या विषयात आपला आवाज पूर्वीपासून दिला आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या 'कारितास इन वेरिताते' या विश्वपत्रात प्रगत समाजांनी आपला ऊर्जावापर कमी केला पाहिजे, आणि ते शक्यही आहे, असे प्रतिपादन केले. उत्पादनाच्या पद्धती सुधारणे हा एक मार्ग आणि नागरिकांची वृत्ती बदलणे हा दुसरा. आदल्याच वर्षी व्हॅटिकनमधील सहाव्या पॉल यांच्या नावाच्या सभागृहावर २,४०० सौर पट्टे बसविण्यात आले होते. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोमबाहेरील सांता मारिया दी गालेरिया येथील जागेवर सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला. व्हॅटिकनची सर्व गरज त्यातून भागावी, असा उद्देश आहे. २०१५ च्या 'लाउदातो सी' मध्ये तर त्यांनी हानिकारक सवयींचे साधे उदाहरण म्हणून वातानुकूलन यंत्रांच्या वाढत्या वापराचा उल्लेख केला आहे. तो वाचून आपल्यापैकी काहींना वाईट वाटले असेल. मे महिन्यातली मुंबई-वसईची दमट रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना आम्ही दोष देणार नाही.

१८६५ साली इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशावरील आपल्या पुस्तकात असे दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे काटकसरी झाल्यामुळे कोळसा वाचला नाही, उलट अधिक खपला. प्रत्येक ठिकाणी असे होतेच असे नाही. आपल्या घरातला एलईडी दिवा स्वस्त पडतो म्हणून आपण तो दिवसा जाळीत नाही. एसीच्या बाबतीत मात्र जेव्हन्स यांची आठवण ठेवलेली बरी.

दुकानात एसी पाहावयास गेलात तर त्यावरील चिठ्ठी नीट वाचावी. तारे दिसतात ते गुणोत्तर होय: एका युनिट विजेमागे यंत्र किती गारवा देते. त्याच चिठ्ठीवर वर्षाला किती युनिट लागतील हेही छापलेले असते, ती बेरीज होय. आणि ती १६०० तासांच्या वापरावर काढलेली असते. मोठ्या आकाराचा पाच तारे असलेला एसी लहान आकाराच्या तीन ताऱ्यांच्या एसीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तेव्हा आधी खोलीच्या मापाचा आकार ठरवावा, मग युनिटांचा आकडा पाहावा आणि नंतर तारे मोजावेत. दुकानदार बहुधा उलट क्रमाने दाखवितो. जानेवारी २०२० पासून ताऱ्यांच्या चिठ्ठीचे नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर लागतात. ते अठरावर नेण्यासाठी बटण सहा वेळा दाबावे लागते.